वासाच्या गाडीचा भाव

मैंदर्गी
१२ ऑगस्ट २०२४

चि. ऋतुजा,

तुला तुझ्या मावशीचा आणि माझा आशीर्वाद. तिचा जरा जास्त समज, कारण मी लिहितोय आणि ती शेजारी बसून ‘माझाबी लिवा, माझाबी लिवा’ म्हणून डोकं खातेय.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. खिशात फोन असताना मी पोस्टातून पाकीट का आणलं ते आधी सांगतो. गेल्या महिन्यात संगप्पाच्या हॉटेलात बसून मी फोनवर एकदाच, फक्त एकदाच बोललो की म्हातारपणी एक लहान मोटार घ्यावी म्हणतो. त्या दिवसापासून फोन उघडला की मोटारी. पंचांग बघायला गेलो तरी वर मोटार. रोज चार पोरी फोन करतात आणि मला ‘सर’ म्हणतात. चाळीस वर्षं मेंढरांचा व्यापार केला, आजवर सर कुणी म्हटलं नव्हतं. घेणाऱ्याची गरज विकणाऱ्याला दिसली की भाव चढलाच म्हणून समज. इथं तर ती फोनला दिसलीय. तेव्हा यापुढं मोटारीचं जे काही बोलायचं ते पत्रात. पत्र ऐकत नाही.

मोटार कशाला, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या मावशीला गाडी लागते. एसटीचं दार लागलं की हिच्या पोटात ढवळतं आणि अक्कलकोट यायच्या आत दोन पिशव्या भरतात. मागच्या वर्षी भाड्याची जीप केली, तर गावच्या फाट्यावरूनच माघारी फिरलो आणि गाडी धुवायचे पैसे वेगळे दिले. ती म्हणते, दुसऱ्याच्या गाडीचा वास मला सोसत नाही, आपली असली तर बसेन. अक्का, म्हणजे तुझी आई, अकरा वर्षांपूर्वी बिरोबाच्या जत्रेला इथं येऊन गेल्या. तेव्हापासून पाळी हिची. दोघी बहिणी रोज तासभर फोनवर बोलतात, पण ‘तू ये’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. पाळी म्हणजे पाळी.

आता कामाचं. मेंढरू कधी घ्यावं? बाजार भरताना नाही. ऊन कललं, टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला की घ्यावं. तेव्हा विकणाऱ्याला जनावर परत न्यायचं भाडं दिसायला लागतं आणि तो नरम पडतो. तर मोटारीच्या बाजारात ऊन कधी कलतं, ते तू शोध. तू चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम बघतेस, चार माणसं ओळखीची आहेत. कुणासाठी विचारतेस ते सांगू नकोस. नाव विचारलंच तर दुसऱ्याचं सांग.

तुझा,
बिरदेवकाका

ता. क. मावशीचा आशीर्वाद पुन्हा एकदा. वरचा नीट लिहिला नाही म्हणते.

*

बाळे, सोलापूर
१९ ऑगस्ट २०२४

ति. काका आणि मावशी,

दोघांना नमस्कार. पोस्टमनने पत्र देताना माझ्याकडे असं पाहिलं की घरी कोर्टाची नोटीसच आली असावी. आईने तर ‘कुटल्या ब्यांकेचं?’ म्हणून तीनदा विचारलं.

काका, मी एका शोरूममध्ये जाऊन आले. तुमचं नाव धुळाप्पा असं सांगितलंय, लक्षात ठेवा. तिथला माणूस मोकळा निघाला. म्हणाला, पितृपंधरवड्यात आम्ही माशा मारत बसतो, तेव्हा गिऱ्हाइकाशी सगळ्यात गोड बोलतो. दसऱ्या-दिवाळीला रांग असते, तेव्हा फक्त पेढा मिळतो. डिसेंबरात सरत्या सालाची गाडी स्वस्त, कारण एक जानेवारी उजाडली की ती एका दिवसात वर्षाने म्हातारी होते. आणि मार्चअखेर आम्हाला वरून आकडा दिलेला असतो, तेव्हा कुणी मागेल त्या भावाला देतो.

हे लिहिताना मला वाटतंय की मी चूक करतेय. तुम्ही आता पंचांग मांडून बसाल. म्हणून पुढचं नीट वाचा, आणि आधी एकट्याने वाचा.

आईला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. कडेकडेने दिसायचं बंद होत आलंय, मधे बांगडीएवढं भोक उरलंय, त्यातून ती जग बघते. डॉक्टर म्हणतात, थेंबांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. वर्ष निघेल, नाहीतर सहा महिनेही निघायचे नाहीत. ती मावशीला फोनवर दुधाच्या उकळीपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगते, एवढंच सांगत नाही. मला म्हणाली, ‘मला गोजाचं तोंड एकदा बगायचंय. पर तिला सांगू नगंस. डोळ्यापायी कीव करून आली तर ती पाळी मी धरनार न्हाय.’ मी म्हटलं, चल मग, मीच तुला मैंदर्गीला नेते. तर म्हणाली, ‘पाळी कुनाची हाय?’

काका, मी मात्र तुम्हाला सांगितलं. मावशीच्या कानावर कसं घालायचं ते तुम्ही ठरवा. भाव दहा-वीस हजारांनी इकडेतिकडे झाला तर होऊ द्या. लवकर घ्या.

तुमची,
ऋतुजा

*

मैंदर्गी
२७ ऑगस्ट २०२४

चि. ऋतुजा,

अक्कांचं वाचून जीव गलबलला. दिवसभर मेंढरांत लक्ष नव्हतं. हिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. वेळ बघून सांगेन.

परवा मी सोलापूरला येऊन गेलो. घरी आलो नाही, राग मानू नकोस. हात रिकामे घेऊन अक्कांसमोर उभं राहवलं नसतं. तुझ्या त्या शोरूममध्ये धुळाप्पा म्हणून गेलो. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाक दाबून बघितलं, तोंड उघडायला लावून आत हात घातला. टाय लावलेला पोरगा म्हणाला, ‘सर, काय शोधताय?’ आता त्याला काय सांगू, दात.

मग आत बसलो. नव्या गाडीला एक वास असतो बघ, प्लास्टिकचा आणि डिंकाचा. मला काही झालं नाही, पण परीक्षा माझी नव्हतीच. सीटवरची प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, घडी घालून खिशात टाकली आणि घरी येऊन न बोलता हिच्या नाकाखाली धरली. हिनं एकदा हुंगलं आणि तोंडाला पदर लावून अंगणात पळाली. सहा लाखांची गाडी पिशवीतच नापास झाली.

मग हिला जुन्या गाड्या हुंगवत गावभर हिंडलो. संगप्पाच्या गाडीला अगरबत्तीचा वास, नापास. डॉक्टरच्या गाडीला औषधाचा, नापास. ही आजवर ज्या एका गाडीत कधी ओकली नाही ती म्हणजे आपला मेंढरांचा टेंपो. तिथं ती चार मेंढ्यांना टेकून झोपते सुद्धा. मी म्हटलं, चल मग टेंपोतून. तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अकरा वर्सांनी भनीच्या दारात जायाचं आनि मेंढरांच्या मागनं उतरायचं? मी मोटारीतनंच उतरीन.’

तर असा पेच आहे. मोटार पाहिजे आणि वास टेंपोचा पाहिजे. अशी कुठं मिळते का बघ.

बिरदेवकाका

*

बाळे, सोलापूर
६ सप्टेंबर २०२४

ति. काका,

मिळाली. खरंच मिळाली, थट्टा करत नाही.

आमच्या कारखान्यातून यंदा निवृत्त झालेले स्टोअरकीपर महादेवप्पा तुम्हाला ठाऊक नसतील. विजापूर रोडला राहतात. कांदा-लसूण न खाणारा माणूस. त्यांची दहा वर्षांची पांढरी गाडी आहे, आरशासारखी ठेवलेली. यांच्या जावयाने गेल्या वर्षी शेळी-मेंढी पालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, आणि यंदा ‘लग्नाला जायचंय’ म्हणून सासऱ्यांची गाडी मागून नेली. त्या गाडीतून त्याने सांगोल्याहून बारा कोकरं आणली. मागची सीट पाडून, काचा लावून, भर मे महिन्यात.

जावयाला कोण बोलणार? महादेवप्पा गप्प बसले आणि गाडी विकायला काढली. चार महिने झाले. येणारा दार उघडतो आणि नाक धरून बंद करतो. दोन लाख साठ हजारांपासून सुरुवात केली होती, आता दोन पस्तीसवर आलेत आणि आतून रडकुंडीला. मी काल आत बसून पाहिलं. काका, डोळे मिटले तर मी तुमच्या वाड्यावर होते. लहानपणी सुटीत कोकरांना कुशीत घेऊन झोपायचे ना, अगदी तो वास.

लगेच या. बघा, पैसे द्या, गाडी घ्या. आणि हात जोडून सांगते, तिथे जास्त बोलू नका.

ऋतुजा

ता. क. आईने काल चहा कपाशेजारी ओतला. मला म्हणाली, हात हलला.

*

मैंदर्गी
१३ सप्टेंबर २०२४

चि. ऋतुजा,

बुधवारी जाऊन आलो. पोरी, तू हिऱ्याची पारख केलीस. दार उघडलं आणि माझ्या तोंडातून ‘अरं वा’ निघणार होतं. चाळीस वर्षांची सवय म्हणून जीभ आवरली. बाजारात जे आवडलं त्यालाच नावं ठेवायची असतात. शिंग आवडलं तर म्हणायचं, शिंग वाकडं. चाल आवडली तर म्हणायचं, लंगडतंय. नाहीतर समोरचा गळ्यावर पाय देतो.

म्हणून मी नाकाला टॉवेल लावला आणि म्हणालो, ‘गाडी बरी हाय, पर वास लई मारतो की. ह्यात मानूस बसायचं कसं?’ महादेवप्पांचा चेहरा एवढासा झाला. ‘अय्यो, जावयानं घात केला हो,’ म्हणाले. मी आणखी दोनदा नाक मुरडलं, एकदा तर खोकलो. मग टॉवेल त्यांच्या हातावर टाकून खालून त्यांची बोटं धरली. आमच्यात भाव असाच होतो, कापडाखाली, बोटांवर, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. पण कारखान्यातला माणूस तो. त्यांना वाटलं मी नाडी बघतोय. म्हणाले, ‘शुगर हाय जरा, बाकी काय न्हाय.’

शेवटी तोंडानं बोलावं लागलं. दोन वीसवर आणले. पंधरा हजार निव्वळ वासावर तोडले! मी म्हटलं, बघतो, कळवतो. आता बुधवारपासून पितृपंधरवडा लागतोय. त्यात गाडीकडं कुत्रं फिरकणार नाही, हे तूच लिहिलंस. पंधरा दिवसांत ते दोनच्या खाली येतात की नाही बघ. आपण काही घाईत आहोत असं त्यांना दिसता कामा नये.

हिला गाडीचं सांगितलं. अक्कांचं अजून नाही.

बिरदेवकाका

*

बाळे, सोलापूर
२६ सप्टेंबर २०२४

काका,

नमस्कार लिहायलाही हात होत नाही, इतका राग आलाय.

तुमचं ते नाक मुरडणं महादेवप्पांच्या जिव्हारी लागलं. ‘मैंदर्गीचा धनगर, जल्म मेंढरात गेलेला, त्येला सुद्दा वास सोसंना,’ असं ते सगळ्यांना सांगत सुटले. आजवर त्यांना वाटत होतं की शहरातली माणसं नाजूक. आता त्यांची खात्री पटली की वास खरोखरच असह्य आहे. त्यांनी साडेतीन हजार देऊन गाडी आतून धुऊन घेतली. सीटा काढून, फेस घालून, उन्हात वाळवून. आणि वर मोगऱ्याचं अत्तर लटकवलं.

मी काल पाहून आले. मेंढरांचा वास शोधायला सीटच्या फटीत नाक घालावं लागलं. महादेवप्पा खूश आहेत. म्हणाले, खोड गेली, आता दोन पंचेचाळीस.

म्हणजे तुम्ही बोलून भाव चढवलात आणि माल बिघडवलात, दोन्ही एका खोकल्यात. मी म्हटलं होतं ना, बोलू नका म्हणून?

आई हल्ली मान फिरवून फिरवून बघते, चिमणीसारखी. ताटातली भाजी एकदा, मग भाकरी एकदा. दोन्ही एकत्र दिसत नाहीत. मावशीला सांगितलंत का?

ऋतुजा

*

मैंदर्गी
३ ऑक्टोबर २०२४

चि. ऋतुजा,

चूक झाली. कबूल. माझ्या उभ्या आयुष्यात कुणी मेंढराचं वाकडं शिंग सरळ करून आणलं नव्हतं. बाजारात नावं ठेवली तर विकणारा उलटी नावं ठेवतो, माल दुरुस्त करायला जात नाही. ही शहरातली माणसं विचित्र आहेत.

पण उपाय काढलाय. सोबतच्या पार्सलात घोंगड्याचा तुकडा आहे. आपला जुना नर ज्यावर सहा वर्षं झोपला ते घोंगडं. पोस्टातल्या बाईनं नाकाला पदर लावून शिक्का मारला. तू पुन्हा एकदा गाडी बघायच्या निमित्तानं जा आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हा तुकडा सारून ये. उन्हानं गाडी तापली की आठ दिवसांत वास पूर्ववत. गिऱ्हाईक पळेल, भाव उतरेल, आणि मावशीसाठी माल तयार होईल. एका तुकड्यात तीन कामं.

तुकड्याला काळा दोरा बांधलाय तो सुटू देऊ नकोस, नाहीतर लोकर सांडेल.

बिरदेवकाका

*

बाळे, सोलापूर
१७ ऑक्टोबर २०२४

ति. काका,

तुमचा तुकडा मी सीटखाली ठेवला. तीस वर्षांत मी कधी कुणाची पेन्सिल चोरली नव्हती, आणि परक्याच्या गाडीत मेंढ्याचं अंथरूण लपवून आले.

वास आला. तुम्ही म्हणालात तसाच आला. पण मधे दसरा होता, हे आपण दोघेही विसरलो. दसऱ्याला लोक गाडी पुजतात. महादेवप्पा झेंडूचा हार घालून, पुसता पुसता सीटखाली हात घालून बसले, आणि त्यांच्या हाताला काय लागलं? काळं घोंगडं, वर काळा दोरा. सोसायटीत हलकल्लोळ. करणी! महादेवप्पांच्या मंडळींनी गाडीभोवती लिंबं टांगली, मिरच्या जाळल्या, तीन दिवस आत ऊद-धूप घातला. आता गाडीत बसलं की डोळ्यांतून पाणी येतं.

ज्या पाहुण्यांशी यांचा जमिनीवरून वाद आहे त्यांच्यावर संशय गेला. तिथे माझा धीर सुटला. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. मावशीची पाळी, प्लास्टिकची पिशवी, टेंपो, आईचे डोळे, तुमचा खोकला, सगळं.

महादेवप्पा म्हणाले, ‘म्हंजे त्येनला वास पायजे हुता? मग साडेतीन हजार माझं कशाला घालिवलं?’ आणि मग चष्मा काढून पुसत बसले. त्यांचीही एक बहीण विजापूरला आहे. म्हणाले, दोन लाख. कमी नको, जास्त नको. गाडी मीच मैंदर्गीला आणून देतो, माझी सासुरवाडी तिथलीच. त्या बाईला बसवा आणि न्या.

काका, यापेक्षा चांगली वेळ आणि यापेक्षा चांगला भाव कुठल्याही पंचांगात नाही. आज ‘हो’ म्हणून कळवा. आईचं बांगडीएवढं भोक आता चार आण्याच्या नाण्याएवढं झालंय.

एक विचारते. मावशी रोज फोन करते, पण डोळ्यांबद्दल एका शब्दाने बोलत नाही. मला नवल वाटतंय. तुम्ही तिला सांगितलंय ना?

ऋतुजा

*

मैंदर्गी
२४ ऑक्टोबर २०२४

चि. ऋतुजा,

दोन लाख ऐकून मी चपापलो. काही न भांडता माणूस एकदम पंचेचाळीस हजार खाली येतो? आणि वर घरपोच देतो म्हणतो? मला तरी शंका येते. इंजिनात काही असेल. रडणारा विकणारा मी खूप बघितलेत, त्यांची मेंढरं घरी पोचेपर्यंत मरतात.

त्यातून आता दिवाळी तोंडावर आलीय, या दिवसांत भाव चढता असतो. साल बदललं की गाडी एक वर्षानं म्हातारी होते म्हणून डिसेंबरात स्वस्त, हे तूच लिहिलंस. तेव्हा एक सत्तर म्हणू. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

हिला सांगितलेलं नाही. खोटं कशाला बोलू? हिला कळलं तर ही त्याच दिवशी महादेवप्पांच्या पायावर जाऊन पडेल, मग कसला भाव नि काय. घरातली गरज घरातसुद्धा दिसू देऊ नये, मी असाच धंदा केला. तुझी पत्रं मेंढरांच्या औषधाच्या डब्यात ठेवलीत. ही त्याला हात लावत नाही.

अक्कांना जपा. थेंब वेळेवर घाला.

बिरदेवकाका

*

मैंदर्गी
३ नोव्हेंबर २०२४

(हे पत्र गोजाबाई यांनी सांगितले तसे मी, शेजारची महेश्वरी, लिहीत आहे. त्यांनी एक अक्षर बदलू नको म्हणून सांगितले आहे.)

रुतू बाय,

काल पाडव्याला एक कोकरू आजारी पडलं म्हून म्या औशिदाचा डबा उगडला. त्यात तुजी पत्रं. महेश्वरीकडनं समदी वाचून घेतली. दोनदा.

तुजा काका उंबऱ्यावर बसला हुता. म्या म्हनलं, तुमी भाव पाडत बसला आनि तिकडं माज्या भनीचं डोळं पडायला लागलं. त्यो म्हनला, आगं तुज्याच गाडीसाटी. म्या म्हनलं, माज्या गाडीसाटी न्हाय, तुमच्या बोटासाटी.

मग म्या त्येची पेटी उगडली, दोन लाक काडलं आनि महेश्वरीच्या फोनवरनं म्हादेवप्पांस्नी बोलिवलं. आज सकाळी गाडी घिऊन आलं बिचारं. म्या भाव केला न्हाय. त्येनी पैसं मोजलं न्हाईत, म्या बी मोजून दिलं न्हाईत. तुजा काका बगत हुता, त्येला घाम फुटला. च्या पिऊन म्हादेवप्पा यष्टीनं गेलं.

गाडीत धुपाचा वास लई हाय. बसल्या बसल्या पोट ढवळलं. म्हून आता दोन मेंढ्या आत बांदल्यात, काचा निम्म्या उगड्या ठिवून. पाला आतच घालती. शनवारपत्तुर व्हईल काम.

शनवारी येती. अक्काला सांगू नगंस. मला डोळ्याचं म्हाईत झालंय, ते तर मुळीच सांगू नगंस. माजी पाळी हाय म्हून मी येतीया.

तुजी मावशी,
गोजाबाई (अंगठा)

*

बाळे, सोलापूर
११ नोव्हेंबर २०२४

ति. काका,

नमस्कार. शनिवारी तुम्ही गाडी दारात लावलीत आणि स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिलात. मी दोनदा बोलवायला आले. तुम्ही म्हणालात, ‘गाडीजवळ कुनीतरी पायजे.’ मग चहाही न घेता परत गेलात. म्हणून आत काय झालं ते तुम्हाला लिहिते. ते तुम्हाला कळलंच पाहिजे.

आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. गाडी थांबली, मागचं दार उघडलं, आणि तिचे हात थांबले. मान वर करून तिने हवा ओढली. म्हणाली, ‘रुते, बाळ्यात मेंढरं कुनाची आली गं?’ मग तिने पुन्हा ओढली आणि शेंगांचं सूप खाली पडलं. ‘गोजा!’ म्हणून ओरडली. अजून मावशी फाटकाच्या आतही आली नव्हती.

मावशी उतरली ती नवं लुगडं नेसून, ताठ. वाटेत एकदाही ओकली नाही म्हणे. मात्र तिच्या मागून एक मेंढीही उतरली. शेजारच्या बाईने विचारलं तर मावशी म्हणाली, ‘मोटारीचीच हाय ती.’

मग दोघी समोरासमोर बसल्या. काका, आईला आता पूर्ण चेहरा एका वेळी दिसत नाही. तिने मावशीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड हळूहळू फिरवत बघत गेली. आधी कपाळावरचं गोंदण. मग एक डोळा. मग दुसरा. नाकातली मोरणी. मग गालावरचा तो व्रण, लहानपणी मेंढ्याने शिंग मारलं होतं तो. एकेक जागा बघायची आणि ‘हं’ म्हणायची, जागच्या जागी आहे ना याची खात्री करत असल्यासारखी. अर्धा तास लागला. मावशी हललीसुद्धा नाही. शेवटी आई म्हणाली, ‘म्हातारी झालीस की गं. इतका उशीर का लावलास?’

मावशी म्हणाली, ‘पाळी ध्यानातनं गेली हुती.’

तुमचं नाव तिने घेतलं नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मीही घेतलं नाही.

डॉक्टरांना मी विचारलं. ऑगस्टमध्ये आली असती तर? ते म्हणाले, तेव्हा अख्खा चेहरा एका नजरेत दिसला असता. हे तुम्हाला बोचावं म्हणूनच लिहितेय. मी तुमच्यावर रागावले आहे आणि तुमची आठवणही येते.

मावशी आठ दिवस राहणार आहे. आणि आईचं वेगळंच सुरू झालंय. काल म्हणाली, ‘गोजा आली, म्हंजे आता पाळी माजी. मैंदर्गीचं घर, कडुलिंब, मेंढरं, समदं एकदा बगून घेती. बिरदेवला इचार, गाडी कधी मोकळी हाय.’

तर विचारते आहे. कधी?

ऋतुजा

*

(पोस्टकार्ड)

मैंदर्गी
१५ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजा,

मी त्या दिवशी आत आलो नाही कारण मला लाज वाटली. मी चुकलो. पत्रात लिहायला सोपं जातंय, अक्कांसमोर येऊनही म्हणेन.

इथं एक माणूस गाडी दोन दहाला मागत होता. मी नाही म्हटलं, आणि भाव विचारला नाही, सांगितला नाही.

रविवारी सकाळी सातला दारात येतो. दोघी बहिणी मागं बसतील. तू पुढं बस. मेंढी मागंच बसेल, तिच्यासाठी जागा ठेवा. अक्कांना वाटेत जिथं थांबायचं तिथं थांबू, जे बघायचं ते बघू, संध्याकाळ झाली तरी चालेल.

गाडी धुतलेली नाही.

बिरदेव